काठावरचे गाव आणि कागदावरचे रान

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात बोरी नावाचे गाव आहे. तेथे कुकडी नदीच्या काठी, मातीच्या थरांमध्ये ज्वालामुखीच्या राखेचा एक थर दबलेला आहे. दख्खनचे ज्वालामुखी शांत होऊन कोट्यवधी वर्षे लोटली. तेव्हा ही राख येथली नव्हे, हे उघड होते. १९८० च्या दशकात पुरातत्त्वज्ञांनी व भूशास्त्रज्ञांनी तिचा माग काढला आणि तो तीन हजार किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीपाशी जाऊन थांबला. ही राख सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची की त्याच ज्वालामुखीच्या त्याहूनही कितीतरी जुन्या उद्रेकाची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु कुकडीच्या काठचे एक खेडे आणि सुमात्रातील एक सरोवर यांचे हे नाते नाकारता येण्याजोगे नाही.

७४ हजार वर्षांपूर्वीच्या त्या उद्रेकाने भूमीला जे प्रचंड भगदाड पाडले, त्यात पाणी साठून तोबा सरोवर निर्माण झाले. सुमारे १०० किलोमीटर लांब, ३० किलोमीटर रुंद आणि ५०० मीटर खोल असे हे जलाशय समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. मधोमध समोसिर हे भले मोठे बेट, आणि भोवती उंच कड्यांच्या पायथ्याशी मिळेल तेवढ्या सपाटीवर वसलेली बाताक लोकांची खेडी. सात जिल्ह्यांचे काठ या पाण्याला लागतात. राख जगाने वाटून घेतली. सरोवराच्या वाट्याला आलेले भोग मात्र काठावरच्या खेड्यांनाच भोगावे लागत आहेत. त्यांपैकी एका खेड्याची कहाणी ध्यानात घेण्यासारखी आहे, कारण ती एका खेड्यापुरती मर्यादित नाही.

या खेड्याचे नाव सिगापितोन. तोबा जिल्ह्याच्या आजिबाता तालुक्यातील हे गाव दोन डोंगरांच्या बेचक्यात, सरोवराला तोंड करून बसले आहे. खाली भाताची खाचरे, वर उतारावर कॉफीच्या बागा व रान, आणि समोर पाणी. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये या गावच्या हद्दीत रस्ता काढण्यासाठी यंत्रे आली. डोंगरमाथ्यावर सरकारी पर्यटन प्राधिकरणाने उभारलेल्या पर्यटनस्थळापासून खाली सरोवराकाठच्या बातू सिलाली या ठिकाणापर्यंत हा रस्ता जायचा होता. गावातील स्त्रिया यंत्रांपुढे उभ्या राहिल्या. विनवण्या झाल्या, वादावादी झाली, पोलीस पुढे सरकले. तेव्हा त्यांपैकी काही स्त्रियांनी, ज्यांत वृद्धाही होत्या, अंगावरची वस्त्रे उतरवली.

ज्या समाजात स्त्रीच्या मर्यादेला आणि वडीलधाऱ्यांच्या मानाला प्राणापलीकडे जपले जाते, त्या समाजातील म्हाताऱ्या बायकांना हे करावेसे वाटले, याचा अर्थ काय होतो? अर्ज लिहून झाले होते. बैठका होऊन गेल्या होत्या. दाद मागण्याची जी जी दारे एखाद्या खेडुताला ठाऊक असतात, ती ठोठावून झाली होती. माणसाजवळ गमावण्यासारखे जे अखेरचे उरते, तेच त्या स्त्रियांनी यंत्रापुढे ठेवले. त्या दिवशी जगाच्या वृत्तसंस्थांना याची फारशी दखल घ्यावीशी वाटली नाही. बातमी आली आणि गेली. परंतु प्रश्न गेला नाही. तो प्रश्न असा की, ज्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या एक गाव राबत आले, ती जमीन त्या गावाची नाही, हे ठरवले कोणी आणि केव्हा?

कागदाचा इतिहास

उत्तर शोधायचे तर दीडशे वर्षे मागे जावे लागते. १८७० मध्ये डच वसाहती सरकारने एक घोषणा केली. ज्या जमिनीवर कोणाला आपली मालकी सिद्ध करता येणार नाही, ती जमीन सरकारची, असा तिचा आशय होता. आरंभी जावापुरते असलेले हे तत्त्व पुढे इतर बेटांवरही पसरले. मालकी सिद्ध करायची म्हणजे कागद दाखवायचा. आणि कागद द्यायचा अधिकार सरकारचा. खेड्यातील माणसाचा पुरावा निराळा असतो. आजोबांचे थडगे, पणजोबांनी लावलेले झाड, ओढ्याचे वळण, दोन कुळांमधील सोयरिकीच्या वेळी उच्चारलेला शब्द, हे त्याचे दस्तऐवज. कचेरीच्या लेखी त्यांना किंमत नव्हती.

डच गेले, इंडोनेशिया स्वतंत्र झाला. १९६० च्या मूलभूत कृषिभूमी कायद्याने ती जुनी घोषणा रद्द केली आणि देशाचा जमीन कायदा परंपरागत 'आदात' कायद्यावर आधारलेला असेल, असे सांगितले. मात्र त्याच वाक्यात राष्ट्रहिताची अट घातली. सुहार्तो सत्तेवर आल्यावर १९६७ मध्ये वन कायदा झाला आणि देशाचा फार मोठा भाग सरकारी वनक्षेत्र म्हणून नकाशावर रंगवला गेला. ते रंग भरणाऱ्यांपैकी कितीजण त्या रानात हिंडले असतील, याची कल्पना करणे अवघड नाही. शेते, बागा, थडगी आणि प्रसंगी अख्खी गावेही त्या रंगाखाली आली. सिगापितोनच्या लोकांचे म्हणणे असे की, काही दशकांपूर्वी उघड्या उतारांवर झाडे लावण्यासाठी सरकारने जमीन मागितली, ती त्यांनी वापरायला दिली, आणि त्यानंतर ती वनखात्याची होऊन बसली. सरकारचे म्हणणे असे की ती जमीन वनक्षेत्रातीलच होती, ते क्षेत्र रीतसर मोकळे करून पर्यटन प्राधिकरणाकडे सोपवले गेले. २०१६ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थापन झालेल्या या प्राधिकरणाला येथे सुमारे ३८६ हेक्टर जमीन मिळाली. कागद सरकारच्या बाजूला आहेत. पण हे कागद लिहिले गेले तेव्हा गावाला विचारले होते काय, एवढाच प्रश्न उरतो, आणि तोच निर्णायक आहे.

२०१३ मध्ये इंडोनेशियाच्या घटनात्मक न्यायालयाने एक ऐतिहासिक निर्णय दिला. परंपरागत समाजांची राने ही सरकारी राने नव्हेत, असे त्याने निःसंदिग्धपणे म्हटले. खेड्यापाड्यांत आनंद झाला. परंतु कायद्याची चाल ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पुढचे वळण दिसत होते. रानावर हक्क सांगायचा, तर आधी तो समाज 'परंपरागत समाज' असल्याची मान्यता स्थानिक शासनाकडून मिळाली पाहिजे. म्हणजे शतकानुशतके तेथे नांदणाऱ्या माणसांनी आपण अस्तित्वात असल्याचा दाखला जिल्हा कचेरीतून आणायचा! न्यायालयाने दार उघडले, पण उंबरठ्यावर पुन्हा कारकून बसलेलाच होता.

विकासाची तीन रूपे

तोबाच्या काठी विकास काही पहिल्यांदाच अवतरलेला नाही. गेल्या पन्नास वर्षांत तो तीन निरनिराळ्या रूपांत आला.

पहिले रूप विजेचे. सरोवराचे पाणी ज्या एकमेव नदीवाटे बाहेर पडते, त्या असाहान नदीवर जपानी कंपन्यांच्या भागीदारीत सिगुरागुरा व तांगा ही जलविद्युत केंद्रे उभी राहिली. १९७६ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी वीज तयार होऊ लागली. सुमारे ६०० मेगावॅट क्षमतेची ही केंद्रे मुख्यतः समुद्रकाठच्या कुआला तांजुंग येथील ॲल्युमिनियमच्या कारखान्यासाठी होती. सरोवराच्या पाण्याची पातळी यंत्रांच्या गरजेशी बांधली गेली. २०१३ मध्ये करार संपून हा सारा उद्योग इंडोनेशियाच्या सरकारच्या मालकीचा झाला. राष्ट्राच्या दृष्टीने ही अभिमानाची गोष्ट होय. काठावरच्या कोळ्याच्या व शेतकऱ्याच्या दृष्टीने पाणी कोणाच्या इच्छेने चढते-उतरते, एवढाच फरक पडला.

दुसरे रूप कागदाच्या लगद्याचे. १९८० च्या दशकात पोर्सेआजवळ लगदा व रेयॉनचा कारखाना काढण्यात आला आणि त्याच्यासाठी आसमंतातील डोंगरांवर निलगिरीची लागवड होऊ लागली. १९८७ मध्ये सुगापा गावच्या दहा स्त्रियांनी आपल्या कुरणात लावलेली निलगिरीची रोपे उपटून टाकली. १९८९ मध्ये त्यांच्यावर खटला चालून त्यांना शिक्षा झाली. सुहार्तोंच्या भीतीने मोठमोठे पुढारी मुके झाले होते, त्या काळातील ही गोष्ट आहे. सुहार्तो गेल्यावर १९९८-९९ मध्ये कारखान्याविरुद्ध मोठे आंदोलन उसळले, माणसे मेली, आणि १९९९ मध्ये कारखाना बंद करण्याचा हुकूम निघाला. २००३ मध्ये रेयॉन वगळून, नव्या नावाने, लगद्याचे उत्पादन पुन्हा सुरू झाले.

याच लगद्यासाठीच्या लाकडापायी सरोवराच्या दक्षिणेकडील पांडुमान व सिपितुहुता या गावांचा झगडा झाला. या गावांचे रान म्हणजे 'हामिंजोन'चे रान. झाडाच्या सालीला खाच पाडायची आणि महिन्यांनंतर तिथे गोठलेला सुगंधी डिंक काढायचा, असा हा पिढीजात धंदा. अरब व्यापाऱ्यांनी याला 'लुबान जावी' असे नाव दिले होते, आणि महाराष्ट्रात ऊद वा लोबान म्हणून देवघरांत व दर्ग्यांत जे जाळले जाते, ते याच जातकुळीचे. या व्यापाराचा दक्षिण भारताशी संबंध जुना आहे. तोबाच्या पश्चिमेला समुद्रकाठी असलेल्या बारुसजवळ इ. स. १०८८ चा तमिळ शिलालेख सापडला आहे. डिंक आणि कापूर यांच्या शोधात गेलेल्या दक्षिण भारतीय व्यापारी श्रेणीने तो कोरवला. हजार वर्षे ज्याची निर्यात होत आली ते रान सरकारी नकाशात कारखान्याच्या सवलतीच्या क्षेत्रात गेले आणि झाडे पडू लागली. २००९ पासून गावकरी झगडले, त्यांच्यापैकी काहींना अटकही झाली. अखेर २०१६ च्या डिसेंबरअखेर राष्ट्रपती जोको विदोदो यांनी देशातील ज्या नऊ समाजांच्या रानांना मान्यता जाहीर केली, त्यांत या गावांचे पाच हजार हेक्टरांहून अधिक रान होते.

तिसरे रूप पर्यटनाचे, आणि हे दिसायला सर्वांत देखणे आहे. जोको विदोदो यांच्या सरकारने दहा 'नवी बाली' घडवण्याचा संकल्प सोडला, त्यांत तोबाला अग्रस्थान दिले. २०१७ मध्ये सिलांगितच्या विमानतळावरून आंतरराष्ट्रीय उड्डाणे सुरू झाली. २०२० मध्ये युनेस्कोने तोबाच्या ज्वालामुखीकुंडाला जागतिक भू-उद्यानाचा दर्जा दिला. २०२३ मध्ये बालिगेच्या काठावर वेगवान यांत्रिक नौकांची जागतिक शर्यत झाली. गंमत अशी की त्याच वर्षी युनेस्कोने भू-उद्यानाच्या व्यवस्थापनातील उणिवांबद्दल 'पिवळे कार्ड' दाखवले. ते दूर होण्यास २०२५ उजाडावे लागले. शर्यतीसाठी काठ सजवणे एक असते आणि काठ सांभाळणे दुसरे, हेच यावरून दिसते.

विजेला खेड्याचे पाणी हवे होते, लगद्याला खेड्याचे रान हवे होते, पर्यटनाला खेड्याचे दृश्य हवे आहे. तिन्ही वेळा रीत एकच. निर्णय राजधानीत, नकाशा राजधानीत, आणि गावाला कळते ते यंत्र दारात आल्यावर.

दुसरी बाजू

सरकारची बाजू अगदीच पोकळ आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. तोबाच्या काठची जमीन कृपण आहे. उतार खडकाळ, सपाटी थोडी, पाऊस लहरी. येथला तरुण शिकतो आणि मेदानला किंवा जाकार्ताला निघून जातो. बाताक समाजातून वकील, सेनाधिकारी, गायक, प्राध्यापक निपजले ते बव्हंशी गाव सोडूनच. समोसिरवर हिंडणाऱ्याला एक विचित्र दृश्य दिसते: घरे साधी, पण पूर्वजांची सिमेंटची स्मारके भव्य. शहरात कमावलेला पैसा गावात परत येतो तो मृतांच्या मानासाठी. जिवंतांना गावात ठेवण्यासाठी तो पुरत नाही. अशा प्रदेशात प्रवासी यावेत, खाणावळी चालाव्यात, पोरीबाळींनी विणलेल्या 'उलोस' वस्त्राला गिऱ्हाईक मिळावे, ही इच्छा धरणे गैर नव्हे. सिगापितोनच्या लोकांनीही पर्यटन नको, असे म्हटलेले नाही. आपल्या जमिनीवर आपल्याला डावलून नको, एवढेच त्यांचे म्हणणे.

शिवाय सरोवराच्या नासाडीचे सारे खापर बाहेरच्यांच्या माथी फोडणेही प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून सरोवरात मत्स्यपालनाचे जाळीदार पिंजरे वाढत गेले. त्यांत परकीय भांडवलाच्या कंपन्या होत्या, तसे गावकरीही होते. हरंगगाओल हे काठावरचे गाव या पिंजऱ्यांवरच उभे राहिले. मुलांची शिक्षणे, घरांची छपरे, लग्नकार्ये त्या माशांवर झाली. २०१६ च्या मे महिन्यात त्या गावातील हजार टनांहून अधिक मासे अवघ्या काही दिवसांत गुदमरून मेले. दाटीवाटीने पोसलेले मासे, तळाशी साचलेले खाद्य व विष्ठा, आणि हवा पालटल्यावर वर आलेले प्राणवायूहीन पाणी, असा त्याचा खुलासा झाला. २०१८ मध्ये समोसिरच्या पांगुरुरान येथे तसाच प्रकार घडला. २०१७ मध्ये प्रांतिक सरकारने साऱ्या सरोवरासाठी वर्षाला १०,००० टन मासळीची मर्यादा ठरवली. प्रत्यक्ष उत्पादन त्याच्या कित्येक पटींनी अधिक होते. या सरोवरातील पाणी पूर्णपणे बदलण्यास सुमारे ८० वर्षे लागतात. म्हणजे आज त्यात पडलेली घाण आजच्या बालकाच्या म्हातारपणापर्यंत तेथेच राहणार. असे जलाशय कोणाच्याही, अगदी गरिबाच्याही, मनमानीवर सोडता येणार नाही, हे मान्यच केले पाहिजे.

परंतु याच ठिकाणी सरकारच्या युक्तिवादातील खोट उघडी पडते. पिंजरे कमी करायचे तर आधी कोणाचे? कंपनीजवळ परवाना असतो, वकील असतो, मुदतवाढ मागण्याची सोय असते. गावकऱ्याजवळ कर्ज असते. मर्यादेचा नियम दोघांना सारखाच, असे म्हणणे कागदावर न्याय्य दिसते. व्यवहारात मात्र मोठ्याला वाटाघाटी आणि लहानाला दंडुका, असे होऊ लागले की संरक्षणाचा हेतू कितीही शुद्ध असो, खेड्याचा त्यावरचा विश्वास उडतो. आणि विश्वास उडालेल्या काठावर कोणतेही सरोवर जगत नाही.

प्राधान्य कोणाला?

१८ जून २०१८ रोजी समोसिरच्या सिमानिंदो धक्क्यावरून 'सिनार बांगुन' ही लाकडी बोट पलीकडच्या तिगारासकडे निघाली. ईदच्या सुटीचे दिवस होते. बोटीच्या क्षमतेच्या कितीतरी पट माणसे तीत कोंबलेली होती, मोटारसायकली लादलेल्या होत्या, प्रवाशांची यादी नव्हती. वाऱ्यात बोट उलटली. थोडे वाचले, मोजके मृतदेह हाती लागले, आणि दीडशेहून अधिक माणसे कायमची बेपत्ता झाली. बोट सुमारे ४५० मीटर खोलीवर असल्याचे यंत्राने दाखवले, पण तेथवर हात पोहोचणार नव्हता. काही दिवसांनी शोध थांबवण्यात आला आणि काठावर स्मारक उभारायचे ठरले.

ही दुर्घटना घडली तेव्हा तोबाला 'नवी बाली' करण्याचा संकल्प सोडून दोन वर्षे झाली होती. विमानतळावर परदेशी विमान उतरत होते. काठावरच्या माणसाला मात्र एका गावाहून समोरच्या गावी सुखरूप नेणारी बोट नव्हती. परदेशी पाहुण्यासाठी विमान आणि गावच्या शिक्षकासाठी, बाजारकरणीसाठी, कॉलेजच्या पोरासाठी ती कोंबलेली बोट, असा हा क्रम होता. विकास म्हणजे काय, यावर ग्रंथ लिहिले जातात; कोणत्या कामाला आधी हात घातला, एवढे पाहिले तरी त्याचा अर्थ कळतो. दुर्घटनेनंतर नव्या, मोठ्या बोटी आल्या, धक्के सुधारले गेले, हे खरे. परंतु जे आधी व्हायला हवे होते, ते दीडशे घरे उजाड झाल्यावर झाले.

गावाचे तीन दगड

बाताक समाजव्यवस्थेला 'दालिहान ना तोलू' असे म्हणतात. शब्दशः अर्थ, चुलीचे तीन दगड. पत्नीच्या माहेरचे कूळ, आपले स्वतःचे कूळ आणि जेथे मुली दिल्या ते कूळ, या तिघांच्या परस्पर मानमर्यादेवर सारे गाव उभे असते. ज्या घरात तीन दगडांची चूल मांडली गेली आहे, तेथील माणसाला हे रूपक समजावून सांगण्याची गरज नाही. एक दगड काढला की भांडे कलंडते. जमिनीचा व्यवहारही या तीन दगडांवरच चालतो. कोणत्या कुळाने गाव वसवले, कोणी मागाहून आले, कोणाला कसायला दिले, याची नोंद माणसांच्या मनात असते आणि लग्नात, मर्तिकात, मेजवानीत मांसाचे कोणते तुकडे कोणाच्या पानात पडतात, त्यावरून ती दरवेळी ताजी होते. ही नोंद सरकारी खातेपुस्तकाहून कमी काटेकोर आहे, असे समजण्याचे कारण नाही.

१९७९ मध्ये सुहार्तो सरकारने ग्रामकायदा करून साऱ्या देशातील खेड्यांना एकाच, मुख्यतः जावाच्या, साच्यात बसवले. ठिकठिकाणच्या परंपरागत ग्रामसंस्था त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने निराधार झाल्या. गावचा प्रमुख हा गावापेक्षा वरच्या कचेरीला जबाबदार झाला. २०१४ च्या नव्या ग्रामकायद्याने ही चूक बरीचशी सुधारली. परंपरागत गाव म्हणून मान्यता मिळवण्याची वाट मोकळी केली, आणि २०१५ पासून केंद्र सरकार देशातील सुमारे ७५ हजार खेड्यांना थेट निधी देऊ लागले. आरंभी सुमारे २० लाख कोटी रुपिया असलेला हा निधी २०१९ पर्यंत ७० लाख कोटी रुपियांवर गेला. आशियात खेड्याच्या हाती एवढा पैसा थेट सोपवणारी उदाहरणे फार नाहीत, आणि त्याचे श्रेय इंडोनेशियाला दिलेच पाहिजे.

परंतु पैसा दिला म्हणजे अधिकार दिला, असे होत नाही. गटार बांधण्याचा, वाचनालय काढण्याचा अधिकार गावाला मिळाला. गावच्या डोंगरावर हॉटेल व्हावे की नाही, यावर मात्र त्याचा शब्द चालत नाही. इंडोनेशियाच्या भाषेत खेड्याला 'देसा' म्हणतात आणि राज्यसंस्थेला 'नेगारा'. दोन्ही शब्द संस्कृतातून तेथे गेलेले. एक 'देश' आणि दुसरा 'नगर'. ज्या भाषेने गावालाच देश मानले आणि नगराला राज्य, तिने नकळत तेथील राजकारणाचे मर्म सांगून ठेवले आहे. आजही नगर ठरवते आणि देश सोसतो.

उपाय अशक्य कोटीतले नाहीत. जमीन वनक्षेत्रातून मोकळी करण्याआधी तिच्यावर कोणाचा परंपरागत हक्क आहे याची पाहणी गावकऱ्यांसमवेत, पायी फिरून, व्हावी. क्रम उलटला की पाहणी ही निव्वळ सारवासारव ठरते. गावाची जमीन पर्यटनासाठी खरोखरच हवी असेल, तर ती काढून न घेता भाडेपट्ट्याने घ्यावी, म्हणजे उत्पन्न पिढ्यान् पिढ्या गावात येत राहील आणि गाव पाहुण्यांचा यजमान राहील, नोकर होणार नाही. परंपरागत समाजाला मान्यता देण्याचे काम जिल्ह्याच्या मर्जीवर न सोडता त्याला मुदत घालावी. आणि सरोवराच्या संरक्षणाचा भार सर्वांत मोठ्या प्रदूषकापासून खाली उतरत यावा. यांपैकी कशालाही नवी घटना लागत नाही. २०१३ चा न्यायनिर्णय आणि २०१४ चा कायदा यांत हे सारे बीजरूपाने आहेच. उणीव आहे ती गावाला समोर बसवून घेण्याच्या मनोवृत्तीची.

पर्यटनाचाच विचार करायचा, तरी हे शहाणपणाचे होईल. दूरदेशीचा प्रवासी तोबाला येतो तो केवळ पाणी पाहण्यास नव्हे. पाणी जगात सर्वत्र आहे. तो येतो उंच छपरांची घरे, काठावरची खाचरे, रविवारी चर्चमधून ऐकू येणारे समूहगान आणि विणकरणीच्या मागाचा आवाज यांसाठी. ज्या गावामुळे ते दृश्य आहे, ते गावच हलवून दृश्य विकायला काढणे, हा व्यापाऱ्याच्या हिशेबानेही खोटाच सौदा होय.

आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम येथे तोबाच्या राखेचा जाड थर आढळला. त्या थराच्या खाली माणसाने घडवलेली दगडी हत्यारे मिळाली, आणि त्याच धर्तीची हत्यारे थराच्या वरही मिळाली. म्हणजे आकाश काळवंडवणाऱ्या त्या उत्पातानंतरही माणूस तेथे टिकून राहिला असावा, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. निसर्गाच्या कोपातून सावरण्याची शक्ती माणसात आहे. मात्र ज्या जमिनीवर उभे राहून सावरायचे, तीच कागदावर दुसऱ्याच्या नावे झाली, तर ती शक्ती काय कामाची? सिगापितोनच्या म्हाताऱ्या स्त्रियांनी यंत्रापुढे उभे राहून हेच विचारले होते. त्यांना पोलिसांनी बाजूला केले. त्यांच्या प्रश्नाला बाजूला सारणे इंडोनेशियाच्या लोकशाहीला परवडणारे नाही.